रमाबाई नगरात टॉवर उभे राहतील, पोटमाळ्यावरच्या संसाराचे काय?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचे नाव निघाले की ११ जुलै १९९७ आठवतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण शहीद झाले. आज याच वस्तीचा पुनर्विकास होतो आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून रमाबाई नगर व कामराज नगरातल्या सोळा हजारांहून अधिक कुटुंबांना ३०० चौरस फुटांची घरे देणार आहेत. पूर्व मुक्त मार्ग छेडानगरपासून ठाण्याकडे न्यायचा आहे आणि वाटेत इथल्या झोपड्या येतात, हेही सरकारच्या घाईचे एक कारण.

सरकारी यंत्रणा स्वतः बांधते आहे, हे खासगी विकासकापेक्षा बरेच. विकासकांच्या भरवशावर राहिलेल्यांचे हाल आपण पाहतोच. वीस वर्षे रखडलेल्या मुंबईतल्या एका योजनेचा निकाल देताना जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचाच आढावा घ्यायला उच्च न्यायालयाला सांगितले. त्यामुळे विरोधासाठी विरोध नको.

पण घर कोणाला, हे परिशिष्ट-२ ठरवते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतरचे, पण १ जानेवारी २०११ पर्यंतचे असाल तर अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर आलेला बाहेर. शिवाय झोपडी एक, तर घर एक. वडिलांच्या झोपडीवर पोटमाळा काढून राहणारे दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले हे सगळे सरकारच्या हिशेबात एकच बिऱ्हाड. वस्ती वाढली ती अशी वर वर, आणि कायदा मात्र फक्त तळमजला मोजतो. मग धाकट्या भावाने जायचे कुठे? बदलापूर, टिटवाळा, की आणखी एका नव्या झोपडपट्टीत? शहराची वाढ आवरायची म्हणता आणि पुढच्या झोपडीची सोयही तुम्हीच करता!

धारावीत हे उत्तर काही अंशी निघाले आहे. तिथे १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या वरच्या मजल्यावरील रहिवाशांनाही भाडे-खरेदी तत्त्वावर घर देण्याची तरतूद झाली. घर धारावीबाहेर मिळणार, ही त्यातली मेख आहेच. तरीही वरच्या मजल्यावर माणसे राहतात हे सरकारने एकदा मान्य केले. मग घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या योजनांना हाच नियम का नाही, ही मागणी आता लेखी गेली पाहिजे.

आपल्या मुलांनी जयंतीच्या वर्गणीला जसे घरोघरी फिरतात तसेच परिशिष्ट-२ ची यादी घेऊन फिरावे. कोणाचे नाव सुटले, कोणत्या विधवा आईकडे जुने वीजबिल नाही, कोण अपात्र ठरले आणि अपिलाची मुदत किती उरली, हे विहारात बसून लिहून काढावे. आणि हो, नव्या इमारतींच्या नकाशात विहार आणि अभ्यासिका कुठे दाखवली आहे, तेही आत्ताच पाहून घ्यावे.