परदेशासाठी तपासणी, स्वदेशासाठी चौकशी

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्दी-खोकल्यासारख्या किरकोळ दुखण्याने आजारी पडलेली लहान मुले एकामागून एक दगावू लागली. आधी उलट्या, मग लघवी बंद, आणि अखेर मूत्रपिंडे निकामी, असा हा क्रम होता. जवळचे मोठे शहर म्हणून आईबापांनी मुलांना घेऊन नागपूर गाठले. अनेक मुलांनी तेथील रुग्णालयांतच प्राण सोडले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मृतांची संख्या विसावर गेली होती आणि त्यांतील बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली होती. कारण सापडले ते 'कोल्ड्रिफ' नावाच्या खोकल्याच्या औषधात. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे जाहीर केले. औषधात या द्रव्याचा अंश ०.१ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक आहे. म्हणजे बाटलीत औषधापेक्षा विषच अधिक होते असे म्हटले, तरी त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

वृत्तपत्रांनी या घटनेला 'धक्कादायक' म्हटले. मुलांच्या मृत्यूने ज्याला धक्का बसत नाही तो माणूसच नव्हे. परंतु धक्का बसणे आणि आश्चर्य वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या बातमीत आश्चर्य वाटण्याजोगे जवळजवळ काहीही नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जे अनपेक्षित असते त्याची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही. आणि म्हणूनच प्रत्येक वेळी हे मृत्यू अनपेक्षित ठरवण्यात सत्ताधाऱ्यांची सोय असते.

हे विष औषधात येते कसे, हे समजून घेणे अवघड नाही. पातळ औषध तयार करण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे द्रावक लागतात. औषधासाठी योग्य अशा शुद्ध दर्जाचा द्रावक महाग, तर रंग, प्लास्टिक आदी उद्योगांसाठी विकला जाणारा स्वस्त. डायएथिलीन ग्लायकॉल त्याहूनही स्वस्त. ते रंगहीन असते आणि चवीला गोड लागते. डोळ्याला, नाकाला वा जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. पिंप खरेदी करताना दलालाने फसवले असेल किंवा कारखानदाराने जाणूनबुजून पैसा वाचवला असेल. दोन्ही परिस्थितींत पिंपातील नमुन्याची साधी रासायनिक तपासणी केली तर विष उघडकीस येते. छिंदवाड्याचे औषध कांचीपुरम जिल्ह्यातील ज्या कारखान्यात तयार झाले, तेथे तामिळनाडूच्या निरीक्षकांना घटनेनंतर साडेतीनशेहून अधिक त्रुटी आढळल्या. या त्रुटी एका रात्रीत निर्माण झालेल्या नव्हत्या. कारखान्याला परवाना मिळाला होता २०११ मध्ये. ज्या निरीक्षणात ऑक्टोबर २०२५ मध्ये इतके दिसले, ते निरीक्षण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झाले असते तर ती मुले आज शाळेच्या वाटेवर असती.

या विषाचा इतिहास नव्वद वर्षांच्या घरात जाणारा आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध याच द्रव्यात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचे बंधन तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात नव्हते. त्या कंपनीवर ठपका ठेवता आला तो केवळ औषधाचे नाव चुकीचे दिल्याचा. लोकक्षोभ उसळला आणि पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा झाला. भांडवलशाहीच्या माहेरघरीसुद्धा औषधाची विक्री कारखानदाराच्या सद्सद्विवेकावर सोपवता येत नाही, हे तेव्हा मान्य करावे लागले.

भारतात औषध कायदा १९४० सालचा आहे. तरीही १९७२ साली मद्रासच्या बालरुग्णालयात याच विषाने मुले दगावली. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमधून हेच विष रुग्णांच्या शरीरात गेले आणि चौदा जण प्राणाला मुकले. १९९८ मध्ये गुडगावच्या परिसरातील तेहेतीस मुले गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर येथे दहाहून अधिक मुले गेली. २०२२ मध्ये हरियाणात तयार झालेल्या औषधांचा संबंध गांबियातील सुमारे सत्तर मुलांच्या मृत्यूंशी जोडला गेला, तर त्याच वर्षाच्या अखेरीस नोएडात तयार झालेल्या औषधाने उझबेकिस्तानात हाहाकार माजवला. नावे बदलली, राज्ये बदलली, विष मात्र तेच राहिले.

जे. जे. प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केली. औषध खरेदीतील भ्रष्टाचार, अन्न व औषध प्रशासनाची हलगर्जी आणि दोषी उत्पादकांवरील कारवाईत होणारा मंत्र्यांचा हस्तक्षेप या साऱ्यांवर आयोगाने १९८७ च्या अहवालात निर्भीडपणे बोट ठेवले. एखाद्या रुग्णालयापुरता तो अहवाल नव्हता. सत्ता, बाजार आणि औषध यांच्यातील संगनमताचे ते शवविच्छेदन होते. योगायोगाची गोष्ट अशी की, ग्राहक संरक्षण कायदाही १९८६ सालचाच. ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, अशी घोषणा ज्या वर्षी कायद्याने केली, त्याच वर्षी या राजाला सरकारी रुग्णालयात विष मिळाले!

ग्राहकाच्या राजेपणाचा हा भ्रम तपासून पाहण्यासारखा आहे. भाजी घेणारी गृहिणी वांगे दाबून पाहते, कापड घेणारा सूत ताणून पाहतो. औषध घेणाऱ्याने काय पाहावे? औषध कोणते, हे डॉक्टर ठरवतो. कोणत्या कंपनीचे, हे बहुधा कंपनीचा प्रतिनिधी आणि दुकानदाराचा नफा ठरवतो. मजूर बाप फक्त पैसे मोजतो आणि चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात चमचा घालतो. या व्यवहारात निवड नाही, माहिती नाही, आणि चूक दुरुस्त करण्याची संधीही नाही. नुकसानभरपाईचा दावा मुलाच्या मृत्यूनंतरच दाखल होतो. म्हणून औषधाच्या बाबतीत खरे ग्राहकसंरक्षण एकच, आणि ते म्हणजे बाटली दुकानात पोहोचण्यापूर्वी समाजाने, म्हणजेच शासनाने, केलेली तपासणी.

ही तपासणी शासनाला जमत नाही, असेही नाही. गांबिया आणि उझबेकिस्तान येथील मृत्यूंनंतर जगभर नाचक्की झाली, परकीय बाजारपेठ धोक्यात आली, तेव्हा केंद्र सरकारने १ जून २०२३ पासून नियम लागू केला की, निर्यातीसाठी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाला ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेचे तपासणीपत्र असल्याशिवाय ते देशाबाहेर जाणार नाही. नियम योग्यच होता. पण याच तपासणीविना तेच औषध देशातल्या देशात, छिंदवाड्याच्या दुकानात, विकायला मोकळीक राहिली. परकीय चलनाला जे संरक्षण मिळाले, ते परासियाच्या बालकाला मिळाले नाही. छिंदवाड्याच्या घटनेनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही देशांतर्गत विक्रीच्या औषधांबाबतच्या या उणिवेकडे लक्ष वेधले. या एका वस्तुस्थितीत सगळ्या धोरणाचे मर्म आले आहे.

यावर उत्तर असे दिले जाईल की, प्रत्येक खेपेतील कच्चा व तयार माल तपासण्याचे बंधन औषध नियमांनुसार कारखानदारावर आधीपासूनच आहे. ते खरे आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना त्याच बंधनाची पुन्हा आठवण करून दिली, हेही खरे आहे. पण चोराने स्वतःची झडती स्वतः घ्यावी, एवढ्यावर कोणताही कायदा चालत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने २००३ मध्ये दर पन्नास कारखान्यांमागे आणि दर दोनशे विक्रीकेंद्रांमागे एक औषध निरीक्षक असावा, अशी शिफारस केली होती. परवाना देते राज्य, माल खपतो देशभर, आणि विष सापडले की केंद्राने राज्याकडे व एका राज्याने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, अशी ही रचना आहे. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होते की, तोवर तपासलेल्या नमुन्यांत विष आढळले नाही. त्याच सुमारास तामिळनाडूची प्रयोगशाळा निम्मे विष असल्याचे सांगत होती. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली, कारखान्याच्या मालकालाही झाली. दोषींना शिक्षा व्हावीच. मात्र बाटली डॉक्टरच्या टेबलापर्यंत येण्याआधी ज्या चौक्या रिकाम्या होत्या, त्यांचे उत्तरदायित्व अटकेने संपत नाही.

कायद्याची दिशा कोणती आहे, हेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने जनविश्वास कायदा संमत केला. व्यापारउदिमाची सुलभता हा त्याचा घोषित हेतू. त्यान्वये औषध कायद्याच्या कलम २७(ड) खालील गुन्हे तडजोडपात्र झाले. म्हणजे ठराविक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची वाट खुली झाली. येथे अचूक बोलणे आवश्यक आहे. भेसळीच्या औषधाने मृत्यू घडल्यास लागू होणारे, जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचे कलम वेगळे आहे आणि ते कायम आहे. परंतु प्रमाणित दर्जाचे नसलेले औषध, म्हणजे ज्यात औषधी द्रव्य कमी भरले आहे किंवा जी गोळी पोटात विरघळतच नाही, असे रोजचे गुन्हे मुख्यतः २७(ड) खालीच येतात. क्षयाच्या रुग्णाला निकृष्ट गोळी मिळाली तर तो बातमी न होता मरतो. छोट्या गुन्ह्याला पैशांची मुभा दिली की मोठ्या गुन्ह्याची सवय लागते. मालकांवर 'विश्वास' ठेवणाऱ्या या कायद्यात रुग्णाच्या विश्वासाचे काय, हा प्रश्न विचारावा लागतो.

कारखान्यांच्या सुधारित दर्जानियमांचीही तीच कथा. हे नियम डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. लहान व मध्यम उत्पादकांना मात्र अटींवर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. छिंदवाड्याची मुले या वाढीव मुदतीच्या आत मेली. लहान उद्योग जगला पाहिजे, ही समाजवाद्यांची जुनी भूमिका आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. पण लहान उद्योग जगवायचा तो सामायिक सरकारी प्रयोगशाळा, शुद्ध कच्च्या मालाचा सहकारी पुरवठा आणि स्वस्त कर्ज देऊन. तपासणीतून सूट देऊन नव्हे. सुटीची किंमत जो चुकवतो, तो त्या उद्योगाचा भागीदार नसतो.

या प्रसंगी एक सावधगिरीचा इशाराही आवश्यक आहे. असल्या बातम्यांचा लाभ बड्या कंपन्या उठवतात. स्वस्त औषध म्हणजे वाईट औषध, महाग नाव म्हणजे खात्रीचे औषध, असा समज पसरवला जातो. 'कोल्ड्रिफ' हेही एक व्यापारी नावच होते, हे विसरता कामा नये. त्यातील दोन औषधांच्या मिश्रणाबाबत तर केंद्रीय नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच, चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश दिला होता. लहान मुलाचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो, आणि अशा मिश्रणांचा त्याला उपयोगही फारसा नसतो. मग ही मिश्रणे खपतात का? गरज रुग्णाची नसते, बाजाराची असते म्हणून. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्यास सांगितले आणि सार्वजनिक क्षेत्राला अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना ज्या दृष्टीतून १९५४ मध्ये उभा राहिला, तीच ही दृष्टी होती. तो मार्ग सोडल्याची किंमत आता मोजली जात आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. निर्यातीच्या औषधाला जी तपासणी, तीच देशातील प्रत्येक पातळ औषधाला. औषधासाठीचे द्रावक विकणाऱ्या दलालापासून कारखान्यापर्यंत प्रत्येक पिंपाची नोंद. प्रत्येक फसलेल्या नमुन्याचा अहवाल तत्काळ जाहीर, आणि दूषित खेप देशभरातून मागे घेण्याची कायदेशीर सक्ती. औषध निरीक्षकांच्या व प्रयोगशाळांतील सर्व रिक्त जागांवर भरती. कलम २७(ड) पुन्हा तडजोडीच्या बाहेर.

कार्यकर्त्यांना यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात औषध निरीक्षकांच्या मंजूर जागा किती व भरलेल्या किती, गेल्या वर्षी पातळ औषधांचे किती नमुने घेतले, त्यांचे अहवाल किती दिवसांनी आले, किती फसले आणि पुढे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. मिळालेले उत्तर ग्रामसभेत आणि वस्तीच्या सभेत वाचून दाखवता येते, आमदारांमार्फत विधिमंडळात नेता येते. औषधाचे बिल मागून त्यावर खेपेचा क्रमांक आहे की नाही हे पाहण्याची सवय आशा सेविकांच्या आणि महिला मंडळांच्या साहाय्याने घरोघरी लावता येते. ही कामे लहान दिसतात. परंतु लेंटिन अहवाल कपाटात गेला, तो त्याच्यामागे दररोज तगादा लावणारी संघटित शक्ती उभी राहिली नाही म्हणून. पुढची बातमी पुन्हा 'धक्कादायक' ठरू नये, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा तगादा आजपासून सुरू केला पाहिजे.