मेलेले डुक्कर सरकारचे, जिवंत डुक्कर कुणाचे?



1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातले 39 वे कलम एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या. शिकार झालेले किंवा मेलेले सापडलेले वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता, असे ते कलम सांगते. म्हणजे रानडुक्कर तुमच्या तुरीत मरून पडले तर ते सरकारचे. त्याला हात लावाल तर गुन्हा. पण आदल्या रात्री तेच डुक्कर कळपाने येऊन एकरभर तूर लोळवून गेले, तेव्हा ते कुणाचे होते? त्यावर हे कलम गप्प आहे. शेजाऱ्याची गाय पिकात शिरली तर तिला कोंडवाड्यात घालायचा कायदा इंग्रजाने 1871 सालीच करून ठेवला. सरकारी जनावराला कोंडवाडा नाही आणि त्याच्या मालकाला दंडही नाही.

हे बोलले की शहरातले निसर्गप्रेमी एक ठरलेले उत्तर देतात. शेतकऱ्याने जंगल खाल्ले, म्हणून जनावर शेतात आले. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेही वहितीत, वर्गात नव्हे, असा दावा आम्ही करत नाही; पण दोन्ही पाहिल्यावर हे उत्तर आम्हाला पटत नाही. जंगल तुटले म्हणून जनावरे बाहेर पडली असती तर सगळीच पडली असती. तसे झाले आहे काय? रानडुक्कर वाढले, रोही वाढले. तितर, लावा, ससा कमी झाले. लांडगा क्वचित दिसतो. तणमोर आणि माळढोक तर नव्या पोरांना चित्रातच दाखवावे लागतात. काही वाढले आणि काही संपले, याचा अर्थ जमिनीवर काय उभे आहे ते बदलले. ते कुणी बदलले, हा खरा प्रश्न आहे.

पन्नास वर्षांमागचे कोरडवाहू शिवार आठवा. ज्वारी, पऱ्हाटी, मधे तुरीच्या ओळी, मूग, उडीद. धुऱ्यावर बाभूळ, पळस, बोर, गुडघाभर गवत. होळीनंतर मृगापर्यंत सारे रान उघडे. ते तीन-चार महिने डुकराच्या उपासमारीचे. डुकरीण एका वेतात चार-सहा पिल्ले घालते, पण उन्हाळा त्यातली बरीच काढून टाकी. आता विहीर-कालव्याखालच्या पट्ट्यांत हरभरा, गहू, संत्रा, ऊस असे काही ना काही बारा महिने उभे असते. लपायला नाल्यात आणि ई-क्लासच्या जमिनीवर वेडी बाभूळ माजलेली. वणीकडे कोळसा खाणींनी उपसलेल्या मातीचे ढिगारेसुद्धा त्याच बाभळीने झाकले गेलेत. दिवसा ढिगाऱ्यात, रात्री सोयाबीनमध्ये. त्या डुकराला जंगलाची गरजच काय?

आणि ज्वारी का गेली? सत्तरच्या दशकात सरकारने तिच्यावर लेव्ही लावली, भाव पाडला. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात दिला. संकरित ज्वारीचे उत्पादन वाढले, पण कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडे आणि काळ्या दाण्याला बाजारात कुणी विचारीत नसे. शेतकऱ्याने हिशेब केला आणि सोयाबीन पेरले. यात त्याचा गुन्हा कोणता? आता उरलीसुरली ज्वारी पाखरे आणि डुकरे संपवत आहेत. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरांचा वाटा शंभर जणांत विभागला जाई. आता गावात एकट्याच्या दोन एकरांत कणसे दिसली की साऱ्या गावची पाखरे तिथेच उतरतात. पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. ज्वारी गेली, कडबा गेला. कडब्यावाचून बैल गेला, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून धुरा फुटला, उरलेल्यावर तणनाशक पडले. तितर-सशाचे घर धुऱ्यात होते, ते गेले. डुकराला धुऱ्याशी काही देणेघेणे नव्हते.

सरकारने स्वतःच्या जमिनीवर काय केले तेही पाहू. 1974 साली वन विकास महामंडळ काढले. मोह, तेंदू, चार, आवळा असलेले मिश्र जंगल तोडून रांगेने साग लावला. सागाच्या रांगेत हरणाने काय खावे? माळांना तर सरकारी दप्तरात नावच 'पडीक'. पडीक म्हणून त्यावर खड्डे खोदून सुबाभूळ, गिरिपुष्प लावले, आणि गवताळ माळावर जगणारा पक्षी बेघर झाला. अकोला-वाशीमकडच्या काही माळांवर तणमोर टिकला तो फासेपारध्यांनी गवत राखले म्हणून. ज्यांना सरकार शिकारी म्हणते त्यांनी.

सोलापूरचे उदाहरण तर प्रत्येक बैठकीत सांगावे असे आहे. 1979 साली नान्नजच्या माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, 8,496 चौरस किलोमीटरचे. गावेच्या गावे, शेते, शहरांचे भाग, सगळे आत. जमीन विकताना, विहीर-रस्ता करताना शेतकऱ्याने परवानग्यांमागे पळायचे. त्याच सुमारास, 1980 साली, उजनी धरण झाले. पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. ते आज मोजायला दोन हातांची बोटे पुरत नाहीत. माळढोक गवतात आणि ज्वारी-भुईमुगाच्या उघड्या रानात वावरणारा पक्षी. उसाच्या फडात तो पायही ठेवत नाही. एका खात्याने पक्षी राखायचा हुकूम काढला, दुसऱ्याने त्याचे रान पाण्याखाली भिजवले, आणि दोघांनी मिळून अडवले कुणाला? ज्वारी पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याच्या शेतात तो पक्षी खरोखर उतरत होता. शेवटी अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आणले. तोवर पक्षी जवळजवळ संपला होता.

वाघाचे तेच. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटर. 2016 ते 2018 या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात 13 माणसे गेली. टी-1 वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी मारली गेली ती अभयारण्याच्या बाहेर. कपाशी वेचायला बाया जाईनात, बोंडे झाडावर राहिली. मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या लागल्या त्या वाघिणीसाठी. 2019 मध्ये टिपेश्वरचाच एक तरुण वाघ पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर चालून ज्ञानगंगेला पोहोचला, बराचसा शेतांमधून. म्हणजे वाघाची वाट आपल्या सातबाऱ्यावरून जाते. रेल्वेने किंवा वीज कंपनीने वाट काढली तर मोबदला मागता येतो. वाघाच्या वाटेचा मोबदला कुणी द्यायचा?

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केले की 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात धरले जाईल. 72 तासांच्या आत मोबाईलवरून फोटोसह कळवायचे. नाल्याकाठच्या शेतात नेटवर्क कुठून आणायचे ते सांगितलेले नाही. त्याहून मोठी गोष्ट, या विम्याचा हप्ता कपाशीला 5 टक्के आणि सोयाबीन-तुरीला 2 टक्के शेतकरीच भरतो. जनावर सरकारचे, नुकसान आमचे, आणि त्या नुकसानीच्या विम्याचा हप्ताही आमच्याच खिशातून?

नुकसान झाले की ज्याचे जनावर त्याने, म्हणजे वनखात्याने, बाजारभावाने पैसे द्यावेत. विमा कंपनीचा इथे संबंध नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर त्यांना मारण्याची परवानगी देता येते असे कलम 11 म्हणते. ही परवानगी तालुक्याच्या खेट्यात न अडकता गावात मिळाली पाहिजे. मात्र नुसत्या बंदुकीने हे संपणार नाही. बारा महिने खाऊ आणि वेडी बाभूळ जागेवर असेल तोवर मारलेल्याची जागा दुसरा कळप घेईल. ई-क्लासवरची बाभूळ काढून गवत येऊ द्या. धुरा राखणाऱ्या, ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा परतावा मिळू द्या. ज्वारीला परवडणारा भाव दिला तर कडबा, बैल, धुरा आणि तितर यांतले बरेच परत येईल, वेगळ्या योजनेवाचून.

कुंपणात थेट वीज सोडू नका. त्यात डुकरापेक्षा आपला शेजारी आणि जागलीला गेलेला आपलाच पोरगा आधी मरतो.

जिल्हा बैठकीला येताना सातबारा, गेल्या दोन हंगामांतल्या पंचनाम्यांच्या प्रती, आणि पंचनामा झालाच नसेल तर अर्जाची पोच आणावी. अर्ज देऊनही पोच मिळाली नसेल तर तारीख आणि कार्यालयाचे नाव लिहून आणावे. गावागावांचा एकत्र हिशेब करून तो वनखात्याला बिल म्हणूनच द्यायचा आहे.