पुढाऱ्यांचं चावडी वाचन

दरवर्षी १ जुलैला कृषिदिन येतो. तालुक्याच्या सभागृहात वसंतराव नाईकांचा फोटो मांडतात, हार घालतात, चार शेतकऱ्यांना शाल-नारळ देतात आणि पुढारी भाषणाला उभे राहतात. पहिलं वाक्य ठरलेलं, "मीही शेतकऱ्याचाच पोरगा आहे." पेरणीचे दिवस असतात, वावरात वाफसा असतो, तरी आम्ही बसून टाळ्या वाजवतो. माझं भांडण त्या पहिल्या वाक्याशी आहे.

आधी ज्यांचा फोटो आहे त्यांच्याबद्दल बोलू. नाईकसाहेब १९१३ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मले. घर बंजाऱ्याचं, पण जमीनजुमल्याचं. नागपूरला शिकले, वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ ला आमदार. त्यांना गरीब कास्तकार म्हणून रंगवायची काही गरज नाही. मोठ्या जमीनवाल्यानं राजकारण करू नये, असंही मी म्हणत नाही. खुर्चीवर बसल्यावर तो कोणाच्या पारड्यात वजन टाकतो, एवढंच पाहायचं.

१९६१ चा जमीन कमाल मर्यादेचा कायदा झाला तेव्हा महसूलमंत्री नाईकच होते. कायद्याला भोकं होती, कागदावर वाटण्या झाल्या, हे गावोगावच्या लोकांना माहीत आहे. पण जमीनवाल्या घरातल्या माणसाच्या खात्यातून जमीनवाल्यांना हद्द घालणारा कायदा निघाला, ही गोष्ट लहान नाही. आज असा कायदा आणायचा म्हटलं तर पहिल्यांदा कोण आडवे येतील, ते तुम्हीच सांगा.

१९६३ च्या डिसेंबरात ते मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांवर राहिले. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावर ते म्हणाले, दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण केला नाही तर मला फाशी द्या. लोक त्यातली फाशी लक्षात ठेवतात. मला त्यातली दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. मुदत स्वतःच घालून दिली आणि हिशोब कशात मागायचा तेही सांगून टाकलं. त्यानंतर गावोगाव संकरित ज्वारी आली. तिची भाकर चवीला काही गोड नव्हती, म्हातारी माणसं नाकं मुरडत. पण टोपल्यात भाकर होती.

आता दुसरी बाजू. या हायब्रीडनं आमच्या घरातलं बियाण्याचं गाडगं गेलं. बी विकत, खत विकत, औषध विकत, आणि हे सगळं घ्यायला कर्ज. पीक वाढलं तसा खर्चही वाढला. म्हणून भावाचा प्रश्न आला. नाईकांच्याच काळात, १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारच घेणार, ठरलेल्या भावानं घेणार, नफा झाला तर वाटा शेतकऱ्याला देणार. माझ्या बापाच्या दोन क्विंटलाला आणि पाटलाच्या शंभर क्विंटलाला प्रतवारी एक असली तर भाव एकच. व्यापाऱ्याच्या गादीसमोर हात जोडून उभं राहिलेल्या माणसालाच त्याचं मोल कळतं.

कोणी म्हणेल, अहो ती योजना तोट्यात गेली. गेली, खरं आहे. चुकारे महिनोनमहिने अडायचे. प्रतवारीत खालीवर व्हायचं. बाहेर भाव चढला की इथला कापूस रात्री पैनगंगेपल्याड आदिलाबादेत जायचा, बाहेर पडला की तिकडचा इकडे यायचा. पण घरात उंदीर झाले म्हणून कोणी घर जाळत नाही. इथं जाळलं. २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि हळूहळू ती योजना कागदावरही राहिली नाही. ज्या पुढाऱ्यांनी हे होऊ दिलं, तेच १ जुलैला हार घेऊन पुढे असतात.

नाईकांचं अर्धं वाक्य यांनी उचललं. उत्पादन वाढवा, हे अर्धं. पिकवलेलं घेण्याची जबाबदारी सरकारची, हे दुसरं अर्धं गिळलं. खर्च आमच्या अंगावर राहिला आणि भाव बाजाराच्या मर्जीवर गेला. आमचा जिल्हा आज देशाला कशासाठी माहीत आहे, ते लिहायला माझा हात धजत नाही.

आणि हे "शेतकऱ्याचे पोरगे"? निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायाच्या रकान्यात लिहितात, शेती व व्यापार. शेती आधी, व्यापार मागून. घर मात्र पेट्रोल पंपावर, कॉलेजवर आणि ठेक्यांवर चालतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकतही घेता येत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी शेतकरी असणं ही सोय आहे. आमच्यासाठी ते जगणं आहे. दोघांचा सातबारा सारखा दिसतो म्हणून दोघं एक होत नाहीत.

गावात तलाठी चावडी वाचन करतो. कोणाच्या नावे किती जमीन, काय पेरा, किती बोजा, सगळ्यांसमोर वाचतो. त्यात आम्हाला लाज वाटत नाही. मग पुढाऱ्याचंही व्हावं. कृषिदिनाच्या दिवशी हार घालण्याआधी त्यानं उभं राहून वाचावं: माझी जमीन एवढी, त्यात यंदा मी हे पेरलं, गेल्या साली कापूस या भावानं विकला, हातात एवढे उरले, आणि माझ्या घरखर्चातला एवढा हिस्सा त्यातून निघाला. नंतर एक मुदत सांगावी. दोन वर्षांत कापसाला, सोयाबीनला खर्च निघून चार पैसे उरतील असा भाव मिळवून देतो, नाहीतर पुन्हा मत मागायला येत नाही.

फाशी कोणी मागत नाही. एवढं वाचून दाखवलं, की हार खुशाल घालावा. नाही जमलं, तर फोटोला हात लावू नये, आणि आम्हाला पेरणीला जाऊ द्यावं.