सेवेला जाताना गाडीभाड्याचा हिशेब



हरभरा खळ्यावर आला, शाळूची काढणी सुरू झाली, की दरसाल आमच्यापुढे एक वेगळाच प्रश्न येतो. तो खताचा नाही की किडीचा नाही. कॉलेजात शिकणारी पोरे-पोरी विचारतात, "साहेब, मे महिन्यात सोमनाथच्या छावणीला जायचंय. कसं जायचं, आणि खर्च किती?" प्रश्न पोराने विचारला तरी तो सबंध घराचा असतो. म्हणून आज त्याचाच हिशेब मांडू.

सोमनाथ हे चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यात आहे. बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने तिथे कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या हातून शेती उभी केली. दर उन्हाळ्यात तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते, साधारण १५ ते २२ मेच्या सुमारास. सकाळी श्रमदान, मग व्याख्याने आणि चर्चा. नक्की तारखा, नावनोंदणी आणि शुल्क यांची चौकशी आधी करावी. नाव पक्के झाल्याखेरीज निघू नये. येण्याजाण्याचे भाडे मात्र आपले आपण भरायचे असते. सेवेला जाणाऱ्याने यजमानाकडे गाडीभाडे मागणे शोभतही नाही.

आता घरातली पहिली तक्रार. वडील म्हणतात, "आपल्या रानात बांध फुटलाय तो कुणी घालायचा? हे चाललं दुसऱ्याचा घालायला!" म्हाताऱ्याचे बोलणे अर्धे खरे आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. छावणीचे आठ दिवस आणि वाटेचे चार, असे बारा दिवस घरचा एक गडी कमी होतो. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. तेव्हा ज्याला जायचे आहे त्याने नांगरट, शेणखत वाहणे, बांधबंदिस्ती ही कामे १० मेच्या आत उरकून द्यावीत आणि तसा शब्द आजच घरी द्यावा. मग परवानगी मागावी लागत नाही, ती आपोआप मिळते.

दुसरी गोष्ट पैशाची. मे महिना म्हणजे शेतकऱ्याच्या खिशाला सर्वांत वाईट. जुने पीककर्ज फेडून झालेले, नवे हातात यायचे, आणि बियाणे-खताची खरेदी तोंडावर. त्या पैशातून तिकीट काढू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. हरभरा विकला जाईल त्याच दिवशी भाड्यापुरते पैसे बाजूला काढून पोराच्या नाहीतर आईच्या खात्यावर टाकावेत.

तिकिटाची घाई आत्ताच का? रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती). १३ मेला निघायचे तर १४ मार्चला आरक्षण उघडेल, आणि २३ मेच्या परतीचे २४ मार्चला. मे म्हणजे लग्नसराई आणि सुट्टी. चार दिवस उशीर केला की प्रतीक्षा यादी. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता लागेपर्यंत पूर्ण प्रतीक्षेतच राहिले तर आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. पण माणूस घरीच राहतो! एका अर्जावर सहाच नावे बसतात, म्हणून बारा जणांचा जथा असेल तर दोन अर्ज भरावेत आणि दोन्हींत एकेक जाणता माणूस घालावा. परतीचे तिकीट जाण्याआधीच हातात असू द्या. जाताना उत्साह असतो, येताना खिशात चिल्लर उरते.

वाटेत एक फसगत होते. चंद्रपूर शहरात दोन स्थानके आहेत. वर्धा-बल्हारशा मार्गावरचे 'चंद्रपूर' आणि बल्हारशा-गोंदिया मार्गावरचे 'चांदा फोर्ट'. मूल हे दुसऱ्या मार्गावर आहे. तिकीट काढताना नाव नीट वाचा. चंद्रपूरला उतरलात तर पुढे मूलपर्यंत एसटीने जावे.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरते. रेल्वेत ती सवलत नाही. मुलींचा खर्च त्यामुळे बराच हलका होतो. पण मुलीला पाठवताना आईच्या जिवाला घोर लागतो तो भाड्याचा नसतो. गावातल्या दोघी-तिघींनी मिळून जावे, सोबत शिक्षक-शिक्षिका असावेत, आणि रेल्वेचा १३९ हा क्रमांक वहीत लिहून न्यावा. एवढे केले की बहुतेक आया राजी होतात, असे आम्ही पाहिले आहे.

गाव मोठ्या संख्येने निघणार असेल तर आगारात जाऊन 'प्रासंगिक करारा'वर अख्खी एसटी घेता येते. दर किलोमीटरवर असतो, अनामतही भरावी लागते. आगारप्रमुखांकडून आकडा लेखी घ्यावा. स्वस्त पडते म्हणून मालवाहू टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे भरून नेऊ नका. जवळच्या गावी श्रमदानाला जाताना हे सर्रास चालते. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. दोनशे रुपये वाचवण्यासाठी एखाद्या घराचा कर्ता पोरगा जायचा. ज्याची ट्रॉली त्याचेही घर बुडायचे. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीला भाडे देऊन जाणेही तसेच अडचणीचे.

आता मुख्य मुद्दा. समजा बारा जण निघाले आणि जाऊन-येऊन माणशी १,४०० रुपये लागले. त्यांत तिघे मजुराघरचे. त्यांना भाडे तर लागतेच, शिवाय बारा दिवसांची मजुरीही बुडते. अशी पोरे काय करतात? "मला बरं वाटत नाही" म्हणून शेवटच्या दिवशी गळतात. कुणी पैशाचे नाव काढत नाही आणि जथा नऊ जणांचा होऊन निघतो. ज्याच्या हाताला कामाची सवय आहे तोच श्रमदानातून गळतो, ही आम्हाला फार खटकणारी गोष्ट आहे. तिघांचे भाडे होते ४,२०० रुपये. साठ घरांच्या वस्तीत घरटी ७० रुपये झाले. हे गोळा करणे अवघड नाही, फक्त बैठकीत कुणी तरी आधी बोलायला हवे. आणि ते बोलताना तिघांची नावे घेऊ नयेत. वर्गणी जथ्याची म्हणून गोळा करावी, तिकिटे सर्वांची एकत्र काढावीत. कुणाचे कुणी भरले हे खजिनदाराला ठाऊक असले की झाले. जमा-खर्चाची एकूण रक्कम मात्र चावडीवर लावावी, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी दहा रुपयेसुद्धा देणार नाही.

पूर, भूकंप अशा वेळची सेवा निराळी. तिथे बोलावणे आल्याशिवाय धावू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा गुरांना वैरण हवी होती. अशा वेळी वीस जणांच्या भाड्याच्या पैशात कडब्याची गाडी भरून पाठवली तर ती जास्त कामाची. आधी तहसील कचेरीत विचारावे, काय हवे आणि कुठे उतरवायचे. माणसे हवी असतील तर आपला शिधा, पाणी आणि अंथरूण घेऊन जावे.

आणि चंद्रपूरकडचे मे महिन्यातले ऊन आपल्याकडच्यासारखे नव्हे, पारा पंचेचाळिशी ओलांडतो. उपरणे, पाण्याची मोठी बाटली आणि साखर-मिठाची पुडी सामानात वरच्या बाजूला ठेवा.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्या पाहू. आऱ्या सुटण्याच्या वेळी पाणी चुकवू नका, एवढे आत्ताच सांगून ठेवतो.