क्लबच्या नावाचं क्रियापद झालं!

दोस्तांनो, खाणे, पिणे, धावणे ही झाली आपली ओळखीची क्रियापदं. पण एखाद्या फुटबॉल क्लबच्या नावाचंच क्रियापद झालेलं तुम्ही कधी ऐकलंय? आणि तेही कौतुकानं नाही हं, चक्क चिडवायला!

ही गंमत आहे स्वित्झर्लंडमधली. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर, घड्याळं नि चॉकलेटं येतात. पण तिथे फुटबॉलचं वेडही भरपूर आहे, बरं का! या देशाचं सरकार जिथून चालतं त्या बर्न शहरात १८९८ साली चार विद्यार्थ्यांनी एक फुटबॉल क्लब काढला. माक्स श्वाब, ऑस्कर श्वाब, हेर्मान बाउअर आणि फ्रान्झ केहर्ली ही त्यांची नावं. तेव्हा बाझल शहरात 'ओल्ड बॉइज' नावाचा एक क्लब होता. ते जर 'ओल्ड', तर आम्ही 'यंग'! असं म्हणून या पोरांनी आपल्या क्लबचं नाव ठेवलं 'यंग बॉइज'. पुढे पिवळा आणि काळा हे या क्लबचे रंग ठरले.

यंग बॉइजनी १९०३ मध्ये पहिल्यांदा स्वित्झर्लंडचं अजिंक्यपद पटकावलं. १९२५ मध्ये त्यांना वांकडॉर्फ नावाचं स्टेडियम मिळालं. १९५४ च्या विश्वचषकाची फायनल याच स्टेडियममध्ये झाली होती. हंगेरीचा बलाढ्य संघ २-० नं पुढे असताना पश्चिम जर्मनीनं तो सामना ३-२ असा फिरवला! फुटबॉलच्या इतिहासात हा सामना 'बर्नचा चमत्कार' म्हणून प्रसिद्ध आहे.

त्यानंतर खुद्द यंग बॉइजचे सोनेरी दिवस आले. १९५७ ते १९६० अशी सलग चार वर्षं हा क्लब स्वित्झर्लंडचा विजेता होता. १९५९ मध्ये तर तो युरोपियन कपच्या सेमीफायनलमध्ये पोचला. फ्रान्सच्या रेम्स संघाला त्यानं बर्नमध्ये १-० नं हरवलंसुद्धा. पण परतीच्या सामन्यात रेम्सनं ३-० नं बाजी मारली आणि फायनल हुकली.

मग बराच दुष्काळ पडला. १९८६ मध्ये पुन्हा एकदा अजिंक्यपद मिळालं. पुढच्या वर्षी स्विस कपही मिळाला. आणि त्यानंतर? त्यानंतर काहीच नाही! नव्वदच्या दशकात तर क्लब खालच्या विभागात घसरला. २००१ मध्ये जुनं वांकडॉर्फ पाडलं. २००५ मध्ये त्याच जागी नवं स्टेडियम उभं राहिलं. लोकांना वाटलं, चला, आता दिवस पालटणार.

पण कसचं काय! २००८ मध्ये अजिंक्यपदाचा निकाल शेवटच्या दिवशी लागणार होता. यंग बॉइज बाझलला गेले आणि २-० नं हरले. २००९ मध्ये स्विस कपच्या फायनलमध्ये, तीही स्वतःच्याच मैदानावर, सिऑनविरुद्ध २-० नं पुढे होते. तो सामना ३-२ नं गमावला! २०१० मध्ये तर कहरच झाला. शेवटच्या सामन्याआधी यंग बॉइज आणि बाझल यांचे गुण अगदी सारखे. सामना बर्नमध्येच. सगळं शहर पिवळं-काळं झालेलं. आणि बाझलनं २-० नं जिंकून कप नेला.

हातातोंडाशी आलेला घास असा एकदा नाही, पुन्हा पुन्हा निसटला. मग लोक थोडेच गप्प बसतात! जर्मन भाषेत 'श्पीलेन' म्हणजे खेळणे. त्याच्या आधी 'फेर' लावलं की होतं 'फेरश्पीलेन', म्हणजे हातचं घालवून बसणे. याच चालीवर कुणीतरी शब्द पाडला 'फेरयंगबॉइजेन'! अर्थ काय, तर जिंकत आलेली गोष्ट ऐन वेळी घालवणे. आहे की नाही खट्याळपणा? आपण नाही का म्हणत, 'ऐन वेळी माती खाल्ली'? तसंच ते.

आता जरा विचार करा. तुमच्याच नावाचं असं क्रियापद झालं तर? 'अरे, गणितात तुझं काय संदीप झालं का?' असं सगळा वर्ग म्हणू लागला तर शाळेत जावंसं तरी वाटेल का? पण बर्नचे लोक स्टेडियममध्ये जात राहिले. वडील मुलाला घेऊन जात. तो मुलगा मोठा होऊन आपल्या मुलाला घेऊन जाई. अजिंक्यपद काही येत नव्हतं.

या स्टेडियममध्ये एक छान प्रथा आहे. फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा. ७५ वं मिनिट झालं की घोषणा होते, 'यंग बॉइजचा पाव तास' सुरू झाला! म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं आपली, आता काहीही होऊ शकतं. गंमत बघा, सगळं जग म्हणत होतं की हा संघ शेवटी हरतो. आणि त्यांचे प्रेक्षक म्हणत होते, शेवटच तर आमचा आहे!

२८ एप्रिल २०१८. प्रशिक्षक होते ऑस्ट्रियाचे आदी ह्यूटर. लुझर्नला हरवलं की अजिंक्यपद पक्कं होणार होतं. सामना १-१ असा बरोबरीत होता आणि लुझर्नला पेनल्टी मिळाली! कित्येकांच्या मनात तो नको असलेला शब्द आला असेल. गोलमध्ये उभा होता मार्को व्योल्फ्ली, वय ३५. २००८ आणि २०१० च्या त्या कडू हंगामांत हाच यंग बॉइजचा गोलरक्षक होता. पुढे त्याची जागा एका तरुण गोलरक्षकानं घेतली आणि हा बाकावर बसू लागला. तरी तो क्लब सोडून गेला नव्हता. या हंगामात मुख्य गोलरक्षक जखमी झाला म्हणून व्योल्फ्लीला पुन्हा संधी मिळाली होती.

त्यानं ती पेनल्टी अडवली! आणि ८९ व्या मिनिटाला, म्हणजे त्याच पाव तासात, कॅमेरूनच्या जाँ-पिएर एन्सामेनं गोल मारला. २-१! ३२ वर्षांची प्रतीक्षा संपली. पोरंटोरं, आजीआजोबा सगळे मैदानात धावले.

मग २०१९, २०२०, २०२१, २०२३, २०२४ अशी अजिंक्यपदांची रांगच लागली. एकूण सतरा झाली! सप्टेंबर २०२१ मध्ये तर त्यांनी रोनाल्डोच्या मँचेस्टर युनायटेडला २-१ नं हरवलं. विजयी गोल कधी झाला माहितीये? ९५ व्या मिनिटाला, जादा वेळेत!

तर दोस्तांनो, तो शब्द काही कुणी खोडून काढला नाही. पण आता कुणी तो म्हणून चिडवलं, तर बर्नची मुलं हसून २०१८ सालाची आठवण करून देऊ शकतात. आणि आईबाबांनो, तुमच्या घरातलं एखादं मूल सध्या बाकावर बसत असेल, मग तो बाक मैदानावरचा असो की वर्गातला, तर त्याला व्योल्फ्लीची ही गोष्ट नक्की वाचून दाखवा. बाकावर बसूनही तो सराव करत राहिला होता, म्हणून तर पेनल्टीच्या वेळी तयार होता!