वाटाण्याच्या सूपला घाईच हवी

‘पोताज सां-जेरमां’ हे फ्रेंच स्वयंपाकातलं हिरव्या वाटाण्याचं नामांकित सूप. त्याला लागतं ते मोजकंच: कोवळे दाणे, लोणी, थोडा कांदा, लेट्यूसची चार पानं, पाणी आणि मीठ. तरीही अनेक हॉटेलांत या नावाखाली जे वाढलं जातं त्यात कॉर्नफ्लोअर आणि क्रीमच जास्त असतं. वाटाण्याची चव मात्र शोधावी लागते.

ज्या दाण्याला फ्रान्सने एवढं डोक्यावर घेतलं, त्याची ही उपेक्षा खटकणारी आहे. जानेवारी १६६० मध्ये ओदिजे नावाच्या गृहस्थाने इटलीहून ताज्या शेंगा आणून चौदाव्या लुईसमोर ठेवल्या. ऐन थंडीतला तो हिरवा नजराणा पाहून दरबार हरखला. पुढे १६९६ मध्येही लुईची पत्नी मादाम द मँतनों यांच्या पत्रात याच वेडाचं वर्णन येतं: राजाकडे भरपेट जेवून आलेल्या बायका घरी जाऊन झोपण्याआधी पुन्हा वाटाणे खात.

हे वेड कोवळेपणाचं होतं, आणि कोवळेपणा टिकत नाही. शेंग तोडली की दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते. काही तासांतच गोडी उतरते.

रंगाचंही तसंच. जास्त शिजवलं, की दाण्यातल्याच आम्लांमुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. म्हणून जाणता आचारी लोण्यात कांदा आणि लेट्यूस मऊ करतो, उकळतं पाणी ओततो, दाणे टाकतो आणि भांड्यावर झाकण ठेवत नाही. दाणा बोटांत सहज दबला की लगेच वाटायचं आणि सालं राहू नयेत म्हणून बारीक चाळणीतून गाळायचं. दाटपणा दाण्यांचाच येतो, वेगळं पीठ कशाला?

फोडलेल्या सुक्या वाटाण्याचं सूपही फ्रान्समध्ये याच नावाने होतं. ते पोटभरीचं आणि चांगलं असतं, पण चव निराळी. हंगाम नसेल तर दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या शेंगांपेक्षा गोठवलेला वाटाणा बरा, कारण तो तोडणीनंतर लवकरच वाफवून गोठवलेला असतो.

तेव्हा हॉटेलांनी मेन्यूकार्डावर एक ओळ वाढवावी: वाटाणा ताजा, गोठवलेला की सुका. गिऱ्हाइकाला निवड करता येईल आणि क्रीमच्या आड लपायचं कारणही उरणार नाही.