चादरीवरची पावले

लडाखमधली झांस्कर नदी जानेवारी-फेब्रुवारीत गोठते. तिच्या पाठीवरून जाणाऱ्या बर्फाच्या वाटेला ‘चादर’ म्हणतात. आज ती गिर्यारोहकांची हौस झाली असली (आणि त्यात आपले पुण्या-मुंबईकडचे पुष्कळ), तरी मुळात ती गरज होती. खिंडी बंद झाल्या की झांस्करी माणसे याच वाटेने लोणी विकायला लेहला जात, मुलांना शाळेत पोचवत. पुढचा माणूस काठीने बर्फ ठोकून पाहतो आणि त्याच्या आवाजावरून पाऊल कुठे टाकायचे ते ठरवतो.

वाढत्या उष्म्याने हा बर्फ साफ नाहीसा केला असता, तर निदान फसगत टळली असती. पण उबदार हिवाळ्यात तो उशिरा धरतो, मध्येच तुटतो, आणि अखंड दिसणाऱ्या थराखाली पाणी वाहत असते. जानेवारी २०२०मध्ये चाळीसहून अधिक जणांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले.

मार्च २०२४मध्ये निमू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला. झांस्करींची या वाटेवरची भिस्त त्यामुळे कमी होईल, आणि ते उत्तमच. मग बर्फावर उरतो तो हौशी पाहुणा आणि त्याचे ओझे वाहणारा हमाल. ‘वितळण्याआधी पाहून घ्या’ हे आमंत्रण म्हणूनच मला निर्लज्ज वाटते. बर्फ पोकळ वाजतो आहे, परत फिरू, असे हमालाने म्हटले तर रजा आणि पैसे खर्चून आलेल्याने निमूट फिरावे. आणि त्या दिवसाची हमालाची मजुरीही बुडू नये.